मूत्रपिंडाला केवळ गाळणी म्हणणे अपुरे आहे

मूत्रपिंड म्हणजे चहाच्या गाळणीसारखे नको असलेले तेवढे अडवणारे इंद्रिय, ही नेहमी दिली जाणारी उपमा सोपी असली तरी मला ती उलटी वाटते. कारण मूत्रपिंड आधी रक्तपेशी आणि मोठी प्रथिने सोडून जवळजवळ सगळेच आपल्या आतल्या बारीक नळ्यांत उतरवते आणि मग हवे ते वेचून परत घेते. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव असा गाळला जातो, आणि त्यातून मूत्र बनते जेमतेम दीड लिटर. बाकीचे पाणी, सगळी साखर आणि बहुतेक मीठ रक्तात परत जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे मूत्रपिंडाचे काम गाळण्यापुरतेच नसते. बडोद्याला दांडिया बाजारात राहणारे माझे काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यायला, जात असत. रक्त नियमित शुद्ध होत असूनही त्यांचे हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना आणि वाड्याचा जिना चढताना ते मधल्या पायरीवर कठडा धरून थांबत. काकू बीट आणि खजूर खाऊ घालून थकल्या. शेवटी डॉक्टरांनी समजावले की अस्थिमज्जेला (हाडांच्या आतल्या मऊ गराला) तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक प्रामुख्याने मूत्रपिंडातच तयार होते, आणि यंत्र रक्त गाळू शकले तरी हा निरोप धाडू शकत नाही. त्याची इंजेक्शने आणि जोडीला लोह सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत काका न थांबता वर येऊ लागले.