मदत हवी आहे: सीएसव्हीवरून लिनक्स खाती उघडणारी स्क्रिप्ट ग्रुप नाकारते आणि यादीतलं शेवटचं नाव गाळते

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या प्रयोगशाळेच्या उबुंटू सर्व्हरवर दर सत्राला नव्या विद्यार्थ्यांची खाती उघडायची आणि गेलेल्यांची बंद करायची, हे काम आजवर हाताने चालायचं. यंदा बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) लिहिली आहे. यादी ऑनलाइन स्प्रेडशीटमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून उतरवते. रकाने तीन: लॉगिन, पूर्ण नाव, ग्रुप. 'व्हाइल रीड' लूप एकेक ओळ वाचतो आणि खातं उघडणाऱ्या 'यूजरअ‍ॅड'ला देतो. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिते आहे, स्क्रिप्टमध्ये नेहमीच्याच लिपीत आहेत.)

अडचणी अशा:

ग्रुप आधीच तयार आहे, सर्व्हरवरचे ग्रुप दाखवणारं 'गेटएंट ग्रुप' तो दाखवतंही. तरी स्क्रिप्ट म्हणते ग्रुप नाही. एररची ओळही विचित्र दिसते: सुरुवातच "डझ नॉट एक्झिस्ट"ने होते आणि ग्रुपचं नाव त्याच्या शेपटाला चिकटलेलं असतं. हीच आज्ञा हाताने टंकली की बिनबोभाट चालते.

यादीतल्या शेवटच्या विद्यार्थ्याचं खातं उघडतच नाही. त्याच्यासाठी एररही येत नाही.

पासवर्डसाठी 'यूजरअ‍ॅड'चा '-पी' पर्याय वापरला. खातं तयार होतं, पण तो पासवर्ड टाकून लॉगिन होत नाही.

शिवाय, गेलेल्यांची खाती 'यूजरमॉड -एल' (मोठा एल) करून लॉक करणं पुरेसं आहे का?

शेलकर:
पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ फाइलमध्ये दिसतंय. 'कॅट -ए' (मोठा ए) लावून फाइल बघा आणि ओळींच्या शेवटी काय दिसतं ते इथे सांगा. एररची ओळ अशी उलटीपालटी दिसते तेव्हा बहुतेक वेळा कॅरेज रिटर्न हा न दिसणारा वर्ण घुसलेला असतो. ग्रुपच्या नावामागे तो आला की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढची अक्षरं आधीच्या मजकुरावर छापली जातात.

धागाकर्ती:
बघितलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी '^एम' आहे. शेवटच्या ओळीला मात्र '^एम' नाही आणि डॉलरही नाही.

शेलकर:
मग उलगडलं. '^एम' म्हणजे तोच कॅरेज रिटर्न, आणि डॉलर म्हणजे न्यूलाइन, ओळ संपल्याची खूण. स्प्रेडशीटने विंडोज पद्धतीचे ओळशेवट दिलेत. ग्रुप हा शेवटचा रकाना, म्हणून तो अदृश्य वर्ण त्यालाच चिकटतो आणि त्या नावाचा ग्रुप खरोखरच नसतो. 'टीआर -डी' लावून कॅरेज रिटर्न काढा आणि नवी फाइल लूपला द्या. 'टीआर'चं आउटपुट थेट पाइपने लूपमध्ये ढकलू नका. तसं केलं की बॅश लूप सबशेलमध्ये (वेगळ्या उपप्रक्रियेत) चालवतो आणि आत मोजलेले आकडे बाहेर आल्यावर शून्यच दिसतात.

शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन नाही. अशा वेळी 'रीड' मजकूर वाचतं खरं, पण परत देताना अपयशाचा कोड देतं, म्हणून लूपचं शरीर चालतच नाही. अट अशी करा: 'रीड' यशस्वी झालं, किंवा लॉगिनचा व्हेरिएबल रिकामा नाही.

निवांत_अ‍ॅडमिन:
पासवर्डचं मी सांगतो. '-पी'ला हॅश (पासवर्डचं उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप) लागतो. तुम्ही दिलेला साधा मजकूर जसाच्या तसा शॅडो फाइलमध्ये (लिनक्स हे हॅश जिथे ठेवतं तिथे) जाऊन बसला, आता कुठलाच पासवर्ड त्याच्याशी जुळणार नाही. शिवाय आज्ञेच्या ओळीवर दिलेलं 'पीएस'मध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) इतरांना दिसू शकतं. त्यापेक्षा लॉगिन, कोलन, पासवर्ड अशी ओळ 'प्रिंटएफ'ने तयार करून पासवर्ड बसवणाऱ्या 'सीएचपासडब्ल्यूडी'ला पाइप करा. मग 'चेज -डी ०', म्हणजे पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदलावा लागेल.

लॉकबद्दल: पुरेसं नाही. 'यूजरमॉड -एल' हॅशच्या पुढे उद्गारचिन्ह लावतो, बस. ज्याने एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) ठेवली आहे तो पासवर्डच्या वाटेला जातच नाही, त्यामुळे तो आत येऊ शकतो. सोबत '--एक्स्पायरडेट १' द्या (दिवस १ जानेवारी १९७० पासून मोजले जातात). खात्याची मुदत १९७० सालच्या २ जानेवारीला संपल्याचं नोंदवलं जातं आणि की असूनही दार बंद होतं. शून्य देऊ नका, त्याचा अर्थ 'मुदत नाही' असाही लावला जाऊ शकतो. चालू असलेली सेशन्स मात्र आपोआप तुटत नाहीत, ती 'पीकिल -यू'ने संपवा.

आणि 'यूजरडेल'ने खातं पुसणं एवढ्यात नकोच. 'यूजरअ‍ॅड' नव्या खात्याला वापरात असलेल्या सर्वात मोठ्या यूआयडीच्या (खात्याच्या अंतर्गत क्रमांकाच्या) पुढचा क्रमांक देतो. शेवटचं खातं उडवलंत तर तोच क्रमांक पुढच्याला मिळतो आणि सामायिक फोल्डरमधल्या जुन्या फाइल्स आयत्या त्याच्या मालकीच्या होतात.

शेलकर:
एक राहिलं. स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागणारच, तेव्हा आधी 'गेटएंट पासडब्ल्यूडी'ने खातं आहे का बघा. असेल आणि फक्त ग्रुप जोडायचा असेल तर 'यूजरमॉड'मध्ये मोठ्या जीबरोबर लहान ए हवाच. तो विसरला तर बाकीचे सगळे दुय्यम ग्रुप जातात. एखाद्या सहायकाचा 'सूडू' (प्रशासकाचे अधिकार देणारा ग्रुप) असा गेला की शोधत बसा.

धागाकर्ती:
ग्रुप आणि शेवटचं नाव, दोन्ही सुटलं. पासवर्डही चालला, बदलायला सांगतोय. मुदतीचं उद्या करते. आता एकच: प्रत्येकाला वेगळा सुरुवातीचा पासवर्ड बनवला, तर तो मुलांपर्यंत पोचवायचा कसा? ईमेल नको वाटतं.

निवांत_अ‍ॅडमिन:
'ओपनएसएसएल रँड'ने यादृच्छिक पासवर्ड बनवा, स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'यूमास्क ०७७' ठेवा म्हणजे पासवर्डची फाइल फक्त रूटलाच (मुख्य प्रशासकाला) वाचता येईल. चिठ्ठ्या छापून हातात द्या आणि फाइल उडवा. आठवड्याभरात ज्याने लॉगिन केलं नाही त्याचं खातं बंद. 'लास्टलॉग' लावलं की कोण आलंच नाही ते कळतं.