पायाळू बाळ, ठरवलेलं सिझर आणि ऐन मे महिना : काय तयारी ठेवायची?

सातपुडा_पायथा

धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आहे. ३६ आठवडे पूर्ण झालेत. सोनोग्राफीत बाळ पायाळू निघालं, डोकं वर आणि ढुंगण खाली. डॉक्टरांनी ३९ आठवडे भरल्यावर सिझरची तारीख दिली आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) त्याच्या नऊ-दहा दिवस आधी येते. सासूबाईंचं म्हणणं, सिझरच करायचंय तर आखाजीलाच करा, साडेतीन मुहूर्तातला दिवस आहे. नऊ-दहा दिवसांनी एवढा काय फरक पडतो?

हिमोग्लोबिन ९.६, रक्तगट बी निगेटिव्ह, तिच्या मिस्टरांचा बी पॉझिटिव्ह. अँटी-डीचं इंजेक्शन (निगेटिव्ह आईच्या शरीरात पॉझिटिव्ह बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) २८व्या आठवड्यात झालंय. बाळंतपणाला ती आमच्याकडे, चोपड्याच्या वरच्या अंगाला येणार. घर पत्र्याचं आहे आणि मेमध्ये पारा ४४-४५ला टेकतो. भूल कशी देतात, दूध कधी येतं, घरी आल्यावर काय सांभाळायचं, माहिती असणाऱ्यांनी नीट सविस्तर सांगा.

प्रसूतिकक्ष_जळगाव

ताई, आधी तारखेचं. पोटात असताना बाळाच्या फुफ्फुसात पाणी भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की आईच्या आणि बाळाच्या शरीरात जी संप्रेरकं वाढतात, त्यांच्यामुळे ते पाणी शोषलं जायला लागतं. ठरवलेल्या सिझरमध्ये कळा नसतात, म्हणजे ही तयारी झालेली नसते. आठवडे जितके कमी तितकं पाणी जास्त उरतं. बाळ जन्मल्याबरोबर भराभर श्वास घेतं, कण्हतं, त्याला ऑक्सिजनवर ठेवावं लागतं आणि पहिले दोन-तीन दिवस ते आईऐवजी काचेच्या पेटीत जातात. ३९ पूर्ण झाल्यावर हा धोका सगळ्यात कमी. आखाजीला तिचे ३७ आठवडे आणि चार-पाच दिवसच होतील. आई-बाळाला त्रास नसताना केवळ मुहूर्तासाठी तारीख अलीकडे आणू नका. सासूबाईंना डॉक्टरांसमोर बसवून हे ऐकवा, घरातल्या घरात वाद घालत बसू नका. आणि आठवडे मोजताना पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी धरा. शेवटच्या सोनोग्राफीवर छापलेली तारीख बाळाच्या आकारावरून काढलेली असते, ती दोन-तीन आठवड्यांनी चुकू शकते.

पायाळू बाळ शेवटच्या आठवड्यांतही फिरू शकतं. म्हणून सिझरच्या दिवशी सकाळी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. डोकं खाली आलं असेल तर सिझरचं कारणच उरत नाही. ३६-३७ आठवड्यांना पोटावरून हाताने बाळ फिरवण्याची पद्धत आहे, ती साधारण निम्म्या बायकांमध्ये जमते. पण ती सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांचं यंत्र आणि तयार ऑपरेशन थिएटर असेल तिथेच. निगेटिव्ह रक्तगटात त्यानंतर अँटी-डीही बघावं लागतं. गावातल्या कुणाकडूनही पोट चोळून बाळ फिरवू देऊ नका. वार (प्लॅसेंटा) सुटून आत रक्तस्राव होऊ शकतो.

आता हिमोग्लोबिन. हे मला तारखेपेक्षाही तातडीचं वाटतं. सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जाऊ शकतं. ९.६वर टेबलावर जाणं आणि ११वर जाणं यात मोठा फरक आहे. हातात तीन आठवडे आहेत आणि गोळ्यांनी तेवढ्यात फार वाढ होत नाही. शिरेतून लोह दिलं (फेरिक कार्बोक्सिमाल्टोज किंवा आयर्न सुक्रोज) तर दोन-तीन आठवड्यांत परिणाम दिसतो. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा, पुढच्या नाही. गोळ्या चालू असतील तर चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब ठेवा. लिंबूपाण्यासोबत घेतल्या तर जास्त लागू पडतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तिची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. सिकलसेल असेल तर ऑपरेशनच्या वेळी पाणी, ऑक्सिजन आणि उब या तिन्हींची वेगळी काळजी घ्यावी लागते.

रक्त. आपल्याकडे निगेटिव्ह गट शंभरात पाचेक जणांचा. सिझरच्या दिवशी सकाळी धावपळ करून बी निगेटिव्ह पिशवी मिळेल असं धरून चालू नका. आठवडाभर आधी रक्तपेढीत बोलून ठेवा, त्यांच्याकडे नसेल तर ते दुसरीकडून मागवतात. बदली रक्तदाता कुठल्याही गटाचा चालतो, त्यामुळे निगेटिव्ह माणूसच शोधत फिरायची गरज नाही. पिशवीशी जुळवून बघायला घेतलेला बहिणीच्या रक्ताचा नमुना साधारण तीन दिवसच चालतो, म्हणून तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी द्या. बाळ झाल्यावर नाळेतलं रक्त गट तपासायला पाठवलं का, हे आवर्जून विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी पुन्हा द्यावंच लागतं. २८व्या आठवड्यातलं झालंय म्हणून हे टळत नाही. डिस्चार्जच्या घाईत राहून जाणारी गोष्ट हीच, आणि ती पुढच्या बाळाला भोवते.

तारखेआधी पाणी फुटलं तर? पायाळू बाळात डोक्याचं बूच खाली बसलेलं नसतं, त्यामुळे पाण्याबरोबर नाळ खाली सरकू शकते. कळा नसल्या तरी थांबायचं नाही, लगेच १०८ लावायचा. नाळ बाहेर दिसली तर तिला हात लावायचा नाही, आत ढकलायची नाही. बहिणीला गुडघे आणि कोपरांवर, ढुंगण वर करून ठेवा. गाडीत डाव्या कुशीवर झोपवून कमरेखाली दोन उशा द्या. त्या क्षणापासून खाणं-पिणं बंद.

भूलतज्ज्ञ_धुळे

"रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही" ही जुनी रीत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. आताचा नियम असा : तेलकट-जड जेवण ८ तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी, आणि साधं पाणी किंवा गाळलेलं लिंबूपाणी २ तास आधीपर्यंत चालतं. मेच्या उन्हात बारा तास कोरड्या पोटी आलेल्या बाईचं बीपी भुलीनंतर जास्त घसरतं, म्हणून हे महत्त्वाचं. ताक पाण्यासारखं वाटलं तरी ते दुधातच धरायचं. तुमच्या भूलतज्ज्ञांना वेळ विचारून ती कागदावर लिहून घ्या. घरातला प्रत्येक जण वेगळं सांगतो.

आखाजीला मेहंदी काढणार असाल तर दोन्ही हातांची एकेक तर्जनी टोकापर्यंत कोरी ठेवा, नखांना रंग लावू नका. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गडद रंगातून चुकीचा आकडा दाखवू शकतं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. सुजेने जोडवी अडकतात, आणि रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात तेव्हा अंगावर धातू नको.

भूल पाठीतून देतात. बसवून, हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी गोल करायला सांगतात, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. सुई केसासारखी बारीक, औषध जेमतेम २ मिली. पाच मिनिटांत पाय गरम आणि जड होतात. गार कापूस लावून छातीपर्यंत बधिर झालंय याची खात्री केल्याशिवाय चीर देत नाहीत. ओढल्या-ढकलल्यासारखं कळतं, दुखत नाही. हे तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर भूल लागलीच नाही असं वाटून ती घाबरते. उजव्या कुशीखाली उशी सरकवतात, कारण गर्भपिशवीचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडला की बीपी पडतं. मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बोलायचं, ती बहुधा बीपी घसरल्याचीच खूण असते आणि इंजेक्शनने मिनिटभरात सावरते. थंडी वाजून अंग थरथरणं नेहमीचं आहे.

चीर ओटीपोटावर आडवी, १०-१५ सेंटीमीटर. पोटाचे स्नायू कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. बाळ पाच-दहा मिनिटांत बाहेर येतं, थर शिवायला अर्धा-पाऊण तास लागतो. बाळ रडत-श्वास घेत असेल तर नाळ निदान ३० ते ६० सेकंद थांबून बांधावी. तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढे त्याचं लोह कमी पडत नाही. थिएटरमध्ये जाण्याआधीच हे बोलून ठेवा.

पाठीतल्या सुईने जन्माची कंबरदुखी लागते हा समज खोटा. कंबर दुखते ती गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांमुळे आणि वाकून पाजण्यामुळे. एक त्रास मात्र खरा आहे : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसल्यावर डोकं फुटेल असं दुखणं आणि आडवं झाल्यावर थांबणं. हे सांगितलं तर उपाय आहे. आडवं पडूनही डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, तर आधी बीपी मोजा.

ओली_बाळंतीण_वॉर्ड

दुधाबद्दल. बाळ ठीक असेल तर टाके घालेपर्यंतच आईच्या उघड्या छातीवर ठेवता येतं, आणि पहिल्या तासात पाजायला लावा. चीक थोडाच येतो, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५-७ मिली, म्हणजे चहाचा एक चमचाच मावतो. "दूध नाही" म्हणून याच वेळी वरचं दूध सुरू होतं आणि मग बाळ नीट ओढत नाही. भरपूर दूध उतरायला तीन-चार दिवस लागतात, सिझरमध्ये कधी त्याहून थोडं उशिरा. तोवर दर दोन-तीन तासांनी पाजणं, आणि बाळ ओढत नसेल तर हाताने चीक काढून वाटी-चमच्याने देणं. पोटावर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेतून धरा, पाय आईच्या पाठीकडे.

मध, गूळपाणी, घुटी काहीच चाटवायचं नाही. मधातून येणारे जंतू वर्षाखालच्या बाळाला लकवा आणू शकतात. उन्हाळ्यात बाळाला पाणी पाजायचा मोह होतो, तेही नको. पाणी आईने प्यायचं, प्रत्येक पाजण्याआधी एक तांब्या जवळ ठेवून. पोट भरतंय का हे लघवीवरून कळतं : पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. लंगोटावर विटकरी डाग दिसत राहिले, किंवा वजन जन्मापेक्षा दहा टक्क्यांनी उतरलं तर दवाखान्यात दाखवा.

पत्र्याच्या घराचं मला खरंच वाटतं की दुसरी सोय बघा, निदान दुपारपुरती स्लॅबची किंवा कौलाची खोली. कूलर चालेल, वारा थेट अंगावर नको. बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. टोपी, दुपटं, वर गोधडी केली की अंग तापतं, मग ताप जंतूंचा की उन्हाचा हे ओळखू येत नाही. काखेत तापमान ३७.५ सेल्सिअसच्या वर गेलं तर कपडे काढा, पाजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरलं नाही, ३८ला गेलं, किंवा बाळ ओढेनासं, सुस्त झालं तर लगेच रुग्णालय. खाटेखाली शेगडी आणि धुरी बंद. धुराने बाळाचा श्वास लागतो, आणि आईला टाक्यांच्या आजूबाजूला काही महिने बधिर असल्याने भाजलेलं कळत नाही.

तुमचं बाळ पायाळू आहे म्हणून आणखी एक. अशा बाळांत खुब्याचा सांधा सैल असण्याची शक्यता जास्त. पाय सरळ ताणून बाळुतं आवळू नका, पाय बेडकासारखे बाहेर दुमडलेले मोकळे राहू द्या. मालिशवाल्या बाईला पाय ओढायला, आडवे-तिडवे ताणायला मनाई करा. सहा आठवड्यांच्या आसपास खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या, बाळ तेव्हा हसतं-खेळतं असलं तरी.

आईचं : लघवीची नळी १२-२४ तासांत निघते, आणि त्याच दिवशी धरून उभं करावं. पडून राहिल्याने पायाच्या शिरेत गाठ धरते. खोकताना पोटावर उशी दाबायची. वेदनाशामक दुखायची वाट न बघता वेळेवर, म्हणजे चालताही येतं आणि पाजताही. परकराची नाडी जखमेवर येऊ देऊ नका. घामाने घडी ओली राहते आणि तिथेच पू धरतो. रोज साबणपाण्याने धुऊन, सुती कापडाने टिपून, पंख्याखाली पाच मिनिटं वाळवा. हळद, राख, पावडर नको.

आशा_चोपडा_भाग

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि सात दिवसांचं जेवण मोफत आहे. नेण्या-आणण्याला १०२. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचं पासबुक आणि सगळ्या सोनोग्राफी एकाच पिशवीत. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, नोंद नसेल तर आताच करा. जन्मनोंद २१ दिवसांत. तारखेच्या चार-पाच दिवस आधीच चोपड्यात किंवा जळगावात नातलगांकडे येऊन राहिलात तर रात्रीच्या रस्त्याचा प्रश्न मिटतो.

सातपुडा_पायथा

खूप आभार सगळ्यांचे. हिमोग्लोबिनसाठी उद्याच जातो. अळीव-डिंकाचे लाडू कधी सुरू करायचे? आणि पुढचं बाळंतपणही सिझरच का?

प्रसूतिकक्ष_जळगाव

काही तासांत पाणी-चहा, मग खिचडी, वरणभात, दुसऱ्या दिवसापासून भाकरी, शेवग्याची भाजी. लाडू पोट साफ व्हायला लागल्यावर, रोज एक लहान. डिंक-मेथीने बद्धकोष्ठ वाढलं तर थांबवा, कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो. पहिले काही आठवडे तिखट कमी ठेवलं तर तिच्याच पोटाला बरं. दुधासाठी काही वर्ज्य नाही.

पुढचं बाळंतपण सिझरच असं नाही. बाळ पायाळू होतं हे कारण पुढच्या वेळी असेलच असं नाही. गर्भपिशवीवर आडवी चीर असेल, दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षांचं अंतर असेल आणि २४ तास थिएटर असलेलं रुग्णालय असेल तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. त्यासाठी गर्भपिशवीवरची चीर कशी होती हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पोटावरच्या व्रणावरून ते कळत नाही. अंतरासाठी तांबी सिझरच्या वेळीच बसवता येते, पण तिची संमती आधी लागते, म्हणून बहिणीला एकटीला विचारा.

घरी आल्यावर एका तासात पॅड पूर्ण भिजणं, १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, टाक्यांतून पाणी-पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर सवा महिना मोजत घरी थांबू नका, त्याच दिवशी घेऊन या.