गीतरामायण: अनेक आवाजांतले आणि एका आवाजातले

कृष्णाकाठ:
आमच्या घरी गीतरामायण म्हणजे सुधीर फडके यांच्या आवाजातील कॅसेटींचा संच; रामनवमीच्या सकाळी तो लावल्याखेरीज स्वयंपाकघरात कामाला हात लागत नसे. कौसल्या, सीता, भरत ही सगळी माझ्या मनात बाबूजींच्याच स्वरात बोलतात. आईला मात्र हे मान्य नाही. तिच्या मते रेडिओवर प्रत्येक पात्राला स्वतःचा गळा होता, आणि ज्याने ‘सावळा ग रामचंद्र’ बाईच्या आवाजात ऐकले आहे, त्याला दुसऱ्या कोणाकडून ते ऐकताना चुकल्याचुकल्यासारखे होते. दोन्ही ऐकलेल्यांनी आपला अनुभव सांगावा.

वाड्यातला श्रोता:
आपल्या आईंची आठवण अगदी बरोबर आहे. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ही मालिका सुरू झाली आणि गदिमांच्या नव्या गीताला दर आठवड्याला बाबूजींची नवी चाल मिळत गेली. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. कौसल्येला ललिता फडके यांचा आवाज होता, सीतेला माणिक वर्मांचा. शिवाय वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, बबनराव नावडीकर असे किती गळे त्यात होते! आमच्या वाड्यात रेडिओ एकट्या मालकांकडे होता. मी आणि थोरला भाऊ त्यांच्या उंबऱ्याशी वही घेऊन बसत असू. गाणे हाताच्या पुढे धावत असल्यामुळे एक ओळ तो लिहीत असे, पुढची मी, आणि सुटलेले शब्द पुनःप्रसारणाच्या वेळी भरून काढत असू. माणिकबाईंची सीता ऐकल्यावर माझ्या कानांना दुसरी सीता रुचली नाही, हे मी आजही मनापासून सांगतो.

भूपाळी:
बाबूजींच्या एकट्या गायनाची बाजूही मांडली पाहिजे. पहिल्याच गीतात कुश-लव प्रत्यक्ष रामापुढे रामचरित्र गात आहेत, म्हणजे दशरथापासून हनुमानापर्यंत सर्वांचे बोलणे गायकाच्या मुखातूनच येणार, हे गदिमांच्या रचनेतच आहे. आपल्याकडे कीर्तनकारही एकट्यानेच सगळी पात्रे उभी करतो. चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते ‘पराधीन आहे जगती’ घ्या. यमन कल्याणातील त्या चालीत बाबूजी प्रत्येक शब्द इतका स्वच्छ उच्चारतात, की अर्थासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. ‘राम जन्मला ग सखी’ मात्र बायकांच्या समूहस्वरातच शोभते, हे मी मान्य करतो.

सायंतारा:
आवाजाइतकाच फरक वाट पाहण्याचा आहे, असे मला वाटते. कैकेयीच्या ‘मोडु नका वचनास’ नंतर कौसल्येची विनवणी, लक्ष्मणाचा संताप आणि सीतेचा हट्ट अशी एकेक गीते आली, तेव्हा कुठे सुमंताचा रथ निघाला. श्रोत्यांच्या घरी हा निरोप महिनाभर चालला होता. कॅसेटवर तोच अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. रामाचे वनात जाणे निश्चित ठाऊक असूनही पुढच्या शुक्रवारपर्यंत माझ्या आजीचा जीव त्यात अडकलेला असे, असे ती सांगत असे. आपल्या आईंना त्या महिन्याचे काही आठवते का, ते जरूर विचारा आणि येथे लिहा.