‘अँक्शस अटॅचमेंट’ला मराठीत काय म्हणता?

अबोली: नात्यांवरचा एक लेख मराठीत करतेय, ‘अँक्शस अटॅचमेंट’पाशी, म्हणजे जवळचं माणूस दुरावेल या सततच्या धास्तीपाशी, गाडी अडलीय. ‘चिंताग्रस्त आसक्ती’ लिहिलं तर संपादक म्हणाले हे कीर्तनातलं वाटतंय. लेखातली मुलगी म्हणजे निळी टिक आली नि उत्तर नाही आलं की ‘माझंच काहीतरी चुकलं’ म्हणून पाठवलेले मेसेज डिलीट करत बसणारी. तिला आसक्त कसं म्हणू?

तिरपागडा: आमच्या कोर्टात अटॅचमेंट म्हणजे जप्ती. चिंताग्रस्त जप्ती लिहा, पुष्कळ संसारांना लागू पडेल.

सदाफुली: ‘अनुबंध’ असताना शोधाशोध कशाला? चिंतायुक्त अनुबंध. झालं.

माळावरचा: अनुबंध दोघांमधला असतो हो. ही कल्पना मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ बोल्बीने अटॅचमेंट म्हटलं ते मुलाच्या बाजूने, मूल आईला धरून राहतं ते, आई मुलाचं करते ते त्याने वेगळं धरलं. मराठीत हा फरक आयताच आहे की, नातवाला आजीचा लळा लागतो आणि आजीची नातवावर माया असते, उलटं कोण बोलतं? ‘धास्तावलेला लळा’ करा. लालन-पालनातल्या लालनाचाच लळा झाला असणार, हे आपलं माझं मत.

सदाफुली: नवऱ्याचा लळा?? आमच्याकडे लळा पोरांना नि वासरांना लागतो.

माळावरचा: हेझन आणि शेव्हर हे मानसशास्त्रज्ञ १९८७ साली तेच सांगत होते ना, की लहानपणीचा लळा आणि मोठेपणीचं प्रेम एकाच चष्म्यातून बघता येतं. भाषेला विचित्र वाटलं म्हणून काय झालं.

अबोली: लळा आवडला, पण स्वतःला कमी लेखणं त्यात येतं का? बार्थोलोम्यू आणि होरोविट्झ यांची १९९१ची चार घरांची मांडणी आहे ना, स्वतःबद्दल मत चांगलं की वाईट आणि समोरच्याबद्दल चांगलं की वाईट. ही मुलगी ‘तू भारी, मी फालतू’वाल्या घरात बसते, त्याने जवळ केलं तरच हिला किंमत. धास्तावलेलीत ते दिसत नाही.

गुळवेल: ‘अव्हॉयडंट’ला, म्हणजे जवळीक टाळणाऱ्याला, मात्र घुमा! माझा चुलतभाऊ, साखरपुड्यानंतर होणाऱ्या बायकोने काहीही विचारलं की ‘काही नाही’ म्हणून मोबाइलमध्ये मान घालायचा, शेवटी तिने मोडलं तेव्हाही ‘ठीक आहे’ म्हणाला आणि मग महिनाभर जेवला नाही धड.

सदाफुली: घुमा म्हणजे नुसता अबोल. जवळ आलेल्याला झटकतो तो तुसडा.

गुळवेल: झटकत नाहीत पण ते. आई बाळाला थोडा वेळ सोडून जाते नि परत येते, त्या एन्सवर्थबाईंच्या प्रयोगातली तसली बाळं आई परत आली तरी खेळण्यातच बघत बसायची, आणि नंतर कोणीतरी मोजलं तर छातीचे ठोके वाढलेले. सगळं आतल्या आत. घुमाच.

तिरपागडा: तुसडा हा धान्याच्या तुसावरून आला असणार, हात लावला की टोचतो. म्हणून तुसडाच बरोबर.

माळावरचा: तूस कुठलं टोचतंय, टोचतं ते कुसळ. शेतात गेला होता का कधी?

तिरपागडा: आमच्याकडे कुसळालाच तूस म्हणतात.

अबोली: मंडळी, परवा लेख द्यायचाय मला.

सदाफुली: कुठलं गाव तुमचं? आमच्याकडे तूस म्हणजे फोलपट.