विषय: लोकप्रशासनात मास्टर्स, ऑगस्टपासून

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. आत्याच्या ओळखीनं या लिस्टवर आले. चार वर्षं जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक होते, पाणीपुरवठ्याच्या कार्यासनावर. आता ऑगस्टपासून अमेरिकेत एमपीए. आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला) हातात आहे, व्हिसाची मुलाखत पुढच्या आठवड्यात. घरी सगळ्यांचा एकच प्रश्न, "तिथं शिकून कलेक्टर होता येते का?"

माझी धास्ती वेगळी आहे. आवक-जावक, नस्त्या, टिपण्या यात चार वर्षं गेली. तिथं हे सगळं शून्य धरायचं का? आणि स्टॅटिस्टिक्स कसं जमणार? बारावीनंतर गणिताला हात लावलेला नाही.

– सिव्हिल लाइन्सहून

•

पोरी,

कलेक्टरचं आधी निपटवते. नाही होता येत. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्या तिथं नागरिकांनाच मिळतात. राज्यं, काउंट्या आणि शहरं यांचे नियम जागोजागी वेगळे, पण व्हिसासाठी उमेदवार स्पॉन्सर करायची हौस फार थोड्यांना. म्हणून आजच आय-ट्वेंटीवरचा सीआयपी कोड, म्हणजे कोर्स कोणत्या विषयात मोडतो तो आकडा, बघ. शिक्षणानंतर कामाची मुभा १२ महिने असते; कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. सगळे एमपीए त्या यादीत नसतात. आमच्या वेळी हे कोणी सांगितलं नाही. मला दुसऱ्या वर्षाला कळलं, तेव्हा बदलायला काही उरलं नव्हतं.

आता तुझ्या टिपण्या. मी आज एका काउंटीच्या बजेट ऑफिसात आहे, पण पहिल्या सेमिस्टरला माझे मेमो लाल होऊन परत यायचे. इंग्रजी बरं होतं; चूक क्रमात होती. आपली टिपणी कशी चालते? वाचावे संदर्भ, मग पत्र कधी आलं, कोणी काय शेरा मारला, नियम काय म्हणतो, आणि पार शेवटी "मान्यतेस्तव सादर". साहेब शेवटचा परिच्छेद वाचून सही करतात. मेमो उलटा. पहिल्या ओळीत काय करावं ते, दुसरीत खर्च किती, मग कारणं. इतिहास हवाच असेल तर पाठीमागं जोडायचा. मला वाटायचं, असं एकदम तोंडावर सांगणं म्हणजे उद्धटपणा! ती सवय मोडायला वर्ष लागलं.

पण टिपणीनं एक शिकवलेलं असतं, जे वर्गातल्या बाकी पोरांना नसतं: कागद कुठं अडतो ते. तिथं शहर चालवायची काउन्सिल-मॅनेजर पद्धत शिकवतील. निवडून आलेली कौन्सिल व्यावसायिक मॅनेजर नेमते आणि काढूही शकते. आपल्या महापालिकेचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं, आणि मार्च २०२२ नंतर नागपुरात कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच होता. हे वर्गात मांड. मी लाजून गप्प बसायची, त्याची हळहळ अजून आहे.

स्टॅटिस्टिक्सला भिऊ नको. आकडेमोड संगणक करतो. रिग्रेशनच्या (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजायची रीत) तक्त्यातून काय म्हणता येतं आणि काय येत नाही, एवढं समजलं पाहिजे. परिषदेची छापील अंदाजपत्रकं सोबत घे, सरावाला. ऑफिसची नस्ती मात्र आणू नकोस गं!

– ताई (सध्या सुट्टीत धरमपेठेत)

•

ताईंनी छान लिहिलं, पण पोरगी नागपूरहून निघते आहे तर एवढं माहीत हवं. पॉल अ‍ॅपलबी या अमेरिकन प्राध्यापकाचा भारताच्या प्रशासनावरचा अहवाल १९५३ चा, दिल्लीतली भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ ची. नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन व स्थानिक स्वराज्य शासनाचा विभाग त्याआधीच, १९४९-५० मध्ये उभा होता. त्याही आधी, १९४८ मध्ये, मध्यप्रांत-वऱ्हाडानं जनपद सभांचा, म्हणजे तहसीलवार स्थानिक स्वराज्य संस्थांचा, प्रयोग केला. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि विदर्भातल्या जनपद सभा गेल्या. जनपद का टिकलं नाही, यावर तिथला एक टर्म पेपर सहज होतो. जाण्याआधी दोन दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात बस. उन्हाळा आहे, तेवढाच गारवा.

– जुना नागपूरकर

•

काका, उद्याच जाते. ताई, कोड पाहिला, स्टेममध्ये नाही. कोर्स बदलता येतो का, हे आजच विद्यापीठाला विचारलं. आणि ही माझी जुनी टिपणी, मेमो करून:

"उन्हाळ्यापूर्वी हातपंप दुरुस्तीचा निधी मंजूर करावा, कारण मागील वर्षीच्या पत्रव्यवहारानुसार संबंधित ग्रामपंचायतीने वेळोवेळी केलेल्या मागणीस अनुसरून..."

•

"करावा" इथं थांब. पुढं रक्कम लिही. पत्रव्यवहार खोड. रविवारी सकाळी घरी ये, तर्री पोहे खाऊन उरलेलं दुरुस्त करू.

– ताई