अर्धांगवायूनंतरची भीती व उदासी: सजगता ध्यानाचा उपयोग होतो का?

प्रश्न
माझ्या वडिलांना (वय ६४) पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. आता ते काठीच्या आधाराने चालतात. मात्र पहाटे जाग आली की पुन्हा झटका येईल या धास्तीने डाव्या हाताची बोटे दाबून पाहत बसतात, दिवसभर गप्प असतात आणि फिजिओथेरपीही टाळतात. नातेवाइकांनी सजगता ध्यान (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे जाणवते त्याकडे शांतपणे लक्ष देणे) सुचवले आहे, परंतु बाबा म्हणतात, "डोळे मिटले की तोच दिवस समोर येतो." त्यांच्याकडून ध्यान करवून घ्यावे का? इगतपुरीच्या विपश्यना शिबिराचाही विचार चालू आहे.

उत्तर १
झटक्यानंतर साधारणपणे तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते आणि त्यात मेंदूला झालेल्या इजेचाही वाटा असू शकतो; म्हणून "मन घट्ट करा" असे सांगून ते जात नाही. व्यायाम टाळणे हेही त्याचेच लक्षण असू शकते. हे सारे न्यूरॉलॉजिस्टांच्या कानावर घाला व मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ध्यान ही उपचारांना जोड आहे, पर्याय नव्हे. जगणे नकोसे झाल्याचे ते बोलू लागले, तर त्यांना एकटे न ठेवता तातडीने डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

उत्तर २
माझ्या आईच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. आम्ही तिला डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला सांगत असू आणि बधिर हाताशी आली की ती रडू लागे. मग आम्ही डोळे उघडे ठेवूनच सुरुवात केली. सकाळचा चहाचा कप तिच्या धडधाकट, म्हणजे डाव्या हातात धरायचा, त्याची ऊब आणि आल्याचा वास यांकडे तीन मिनिटे लक्ष द्यायचे, मन भीतीकडे धावले की "भीती आली" एवढेच म्हणायचे आणि पुन्हा कपाकडे वळायचे. मन रिकामे करण्याचा हट्ट तिने सोडला, तेव्हाच तिला ते जमू लागले. भीती पूर्ण गेली नाही. परंतु दोन-अडीच महिन्यांनी ती व्यायामाला आपणहून उठू लागली.

उत्तर ३
विपश्यना शिबिरातले दहा दिवसांचे मौन आणि रोजची सुमारे दहा तासांची साधना त्यांना सध्या झेपणारी नाही. तो विचार तूर्त सोडावा. श्वास रोखण्याचे प्रकारही टाळावेत. नुसती भीती आणि खरा झटका यांतला भेद मात्र बाबांना नीट समजावून सांगा: तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायात नव्याने अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही अचानक दिसले, तर ध्यानाला न बसता थेट रुग्णालय गाठायचे, कारण गुठळी विरघळवणारे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. न्यूरॉलॉजिस्टांची सोमवारची वेळ घेतली आहे. बाबांना चहा आवडतो. उद्या सकाळी मीही कप घेऊन त्यांच्याशेजारी बसेन.