तोनेने रिओ रंगवलं की रोमच परत रंगवलं?

रंगवेडा: निकोला-आंत्वान तोने हा फ्रेंच निसर्गचित्रकार 1816 ला ब्राझीलमधल्या रिओला गेला, पाच वर्षं राहिला, आणि तरी त्याने ते गाव नीट बघितलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नेपोलियन पडला, त्याच्या लढायांची चित्रं काढणाऱ्या या माणसाला पॅरिसमध्ये आता कोण विचारणार, म्हणून रिओत कला अकादमी काढायला लब्रतों या फ्रेंच माणसाने जमवलेल्या कलाकारांबरोबर साठी उलटल्यावर बायकामुलांसकट जहाजात बसला. पण तरुणपणी रोममध्ये शिकलेलं हातातून जाईना. मकरवृत्ताजवळचं ते डोळे दिपवणारं ऊन कुठाय त्याच्या चित्रांत? तेच मऊ, सोनेरी इटालियन आकाश!

साधीरेघ: अजिबात पटलं नाही. 1816 चंच 'सांतु आंतोनियोची टेकडी' घ्या, मठाचे साधू किती बारीक आणि वर केवढं मोकळं आकाश, नजर आपोआप लांब जाते. आणि तो रिओच्याच तिजुका जंगलात धबधब्याशेजारी घर करून राहिला, त्या धबधब्याला आजही तोनेचंच नाव आहे. न बघणारा माणूस तिथे कशाला राहील?

रंगवेडा: अहो, राहिला म्हणजे सगळं बघितलंच असं होत नाही ना. रिओच्या रस्त्यावर सगळी कामं गुलाम करत होते, ते याच्या चित्रांत ठिपक्याएवढे. देब्रे हा दुसरा फ्रेंच चित्रकार त्याच जहाजातून आला, 1831 पर्यंत राहिला आणि त्याने चाबकाचे फटके सुद्धा दाखवले.

वाटसरू: देब्रेशी तुलना मला अन्यायाची वाटते. तोनेकडे माणसं आधीपासूनच छोटी असायची. शिवाय त्याला तिथे टिकू तरी कुठे दिलं? 1819 ला लब्रतों वारला, कला अकादमी सुरू व्हायच्या आधीच तिचं संचालकपद एन्रिक जुझे द सिल्वा या पोर्तुगीज चित्रकाराला दिलं, मग 1821 ला हा परत पॅरिसला. अकादमी उघडली 1826 ला!

रंगवेडा: राजकारण झालं हे मान्य, पण त्याने आकाशाचा रंग बदलत नाही.

साधीरेघ: त्याचा मुलगा फेलिक्स-एमिल मागे राहिला, 1834 पासून त्याच अकादमीचा संचालक झाला आणि त्याने पुढे कोळशासाठी तोडलं जाणारं जंगल रंगवलं, एका बाजूला गच्च झाडी, दुसरीकडे उघडा पडलेला डोंगर. ती नजर बापाच्याच घरात तयार झाली.

रंगवेडा: मग श्रेय मुलाला द्या, तो तिथे राहिला म्हणून त्याला ते दिसलं.